ओडनीपुढची घंटा

ओडनी आंधळी आहे, असं आमच्या खोऱ्यात कुणी सांगत नाही. ती फटकळ आहे, हे मात्र आधी सांगतात. आणि खोटं नाही ते. एकदा चर्चच्या दारातच तिनं पाद्रीबाबांना ऐकवलं होतं, "आजचं प्रवचन एवढं लांबलं, की माझ्या शेळ्या आता कान धरूनसुद्धा दूध देणार नाहीत." पाद्रीबाबा हसले. न हसून जातात कुठं?

जंगलाच्या कडेला ओडनीचं शेळ्यांचं घर. तिथं ती आणि तिचा थोरला भाऊ स्वेनुंग, दोघंच. लग्न ना तिनं केलं, ना त्यानं. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "याची बडबड ऐकून माझे कान किटलेत. त्यात आणखी एक पुरुष कुठं आणू?" बडबड होतीच. स्वेनुंगच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की झोपेपर्यंत थांबायचा नाही.

पण त्याच बडबडीवर ती स्की शिकली. आईबाप शेळ्यांत गुंतलेले, बहिणीला सांभाळायचं काम स्वेनुंगवर, आणि त्याला तर डोंगरावर जायचं असायचं. मग काय, त्यानं आपल्या जुन्या स्की तिच्या पायांत बांधल्या आणि निघाला पुढं. "डावीकडं, डावीकडं! आता उतार. गुडघे वाकव, अगं वाकव की गाढवे!" पुढं तो ओरडतोय आणि मागं ती आवाज धरून येतेय, हे मी लहानपणी आमच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलंय. माझी आई म्हणायची, हा कार्टा त्या पोरीचा जीव घेणार. जीव कसला घेतो! त्यानं तिला सगळा डोंगर दिला.

दर मार्चमध्ये आमच्याकडं अपंगांची स्कीशर्यत भरते. देशभरातून माणसं येतात. कुणाला पाय नाहीत, ते बैठक लावलेल्या स्कीवर बसून नुसत्या हातांनी काठ्या मारत जातात. कुणाला एकच हात. आंधळ्यांच्या पुढं एक वाटाड्या असतो, तो बोलत जातो. मी वळणावर टेबल मांडून वाफल, म्हणजे आमची जाळीदार गोड धिरडी, भाजते, त्यामुळं मला सगळं दिसतं. नुसत्या दंडांच्या जोरावर चढ चढणारी बाई बघितली, की वाटतं, बोर्गहिल, दोन धड पाय घेऊन तू काय दिवे लावलेस? इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी अंगावर काटा येतो आणि दर वेळी एखादा वाफल करपतो.

ओडनी आणि स्वेनुंग या शर्यतीत पहिल्यापासून. आणि मग स्वेनुंगच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज कापून काढला. श्वास घ्यायला गळ्याशी एक भोक ठेवलं. बोलायला एक यंत्र दिलं होतं, गळ्याला टेकवलं की खरखर बोलायचं; ते त्यानं स्वयंपाकघरातल्या खणात टाकून दिलं. दम लागला की त्या भोकातून शिट्टीसारखा आवाज यायचा. त्याची त्याला एवढी लाज, की भर उन्हाळ्यातही मफलर सुटला नाही. आमच्याकडं कॉफीला आला तर भिंतीकडं तोंड करून प्यायचा. सगळं घर डोक्यावर घेणारा माणूस असा पाठमोरा बसलेला बघवत नव्हता मला.

यंदा नावं द्यायच्या दिवशी शर्यतीची प्रमुख इडुन तिला म्हणाली, "ओडनीबाई, फौजेतला एक जण देते तुमच्यापुढं. आवाज खणखणीत आहे त्याचा."

"असेल. मी स्वेनुंगच्या मागं जाईन, नाहीतर घरी बसेन."

"अहो, पण ते बोलणार कसे?"

ओडनीनं खिशातून त्यांच्या म्होरक्या शेळीची जुनी घंटा काढून टेबलावर आदळली. "ही बांधेल कमरेला. शेळ्यांना कळतं तेवढं मला कळत नाही का?"

इडुन पोरगी वाईट नाही, पण जबाबदारी तिच्यावर. ती म्हणाली, "यंदा बघू या. पण वाट चुकलात, तर पुढच्या वर्षी मी देईन तो वाटाड्या. नाहीतर तुमची शर्यत बंद." स्वेनुंग बाजूला उभा राहून बुटांकडं बघत होता. आवाज गेल्यापासून आपण कुणाच्या कामाचे उरलो नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. बहिणीच्या पुढं चालणं, एवढंच राहिलं होतं. ते गेलं असतं तर तो खचलाच असता, आणि हे ओडनीला ठाऊक होतं.

आता आम्हा लोकांची अक्कल बघा. आमच्याकडं स्की बघायला माणूस रिकाम्या हातानं येत नाही. घरातली गुरांची घंटा घेऊन येतो, आणि "हाया! हाया!" करत ती बडवतो. जेवढं प्रेम जास्त, तेवढी घंटा जोरात. आणि खोऱ्यातल्या यच्चयावत घंटा एकाच लोहारानं घडवलेल्या, सगळ्या एकाच सुरात वाजणाऱ्या. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

शर्यत दोन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत दोघं उतारावरून माझ्या वळणाशी आले. एरवी बर्फात स्कीसाठी चाकोरी कोरलेली असते, पण वळणावर सगळे ब्रेक मारतात, तिथं ती पुसली जाते. स्वेनुंग घंटा हलवत डावीकडं वळला. उजवीकडं अख्खं गाव घंटा बडवत होतं, "ओडनी! हाया!" ती तशीच सरळ आली, आमच्या घंटांकडं. गर्दीत आदळली, तिच्या काठीनं माझं पिठाचं पातेलं उलटं केलं, आणि ती खाली, केसांत वाफलचं पीठ.

कुणी हसलं नाही. दोघं-तिघं उचलायला धावले.

"हात लावू नका, मला बाद कराल!" ती ओरडली. चाचपडत काठ्या शोधल्या, उठली, आणि तोंड गर्दीकडं करून म्हणाली, "स्वेनुंग कुठाय? का तुम्ही सगळे स्वेनुंग झालात आज?"

स्वेनुंग पलीकडं घंटा हलवत होता, जिवाच्या आकांतानं, आणि ती कुणालाच ऐकू येत नव्हती. त्याचा चेहरा मला बघवला नाही. शेवटी तो अगदी तिच्या कानाशी आला, तेव्हा ती वळली. हातात थांबवायचं निशाण घेऊन इडुन वळणाशीच उभी होती. म्हणाली, "एक फेरी उरलीय. पुन्हा वाट चुकली तर मी थांबवणार."

ते पुढं गेले आणि माझं डोकंच फिरलं. मी बाकावर चढले. "बंद करा त्या घंटा! कौतुक करताय की जीव घेताय तिचा?"

"मग आम्ही करायचं काय?" दूधडेरीचा ओलाफ म्हणाला.

"गप्प बसायचं. जन्मात एकदा जमतंय का बघ."

ओलाफनं हातमोजा काढून घंटेत कोंबला. मग शेजारच्यानं. निरोप तोंडोतोंडी वर जंगलापर्यंत गेला. एवढी माणसं त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी, लेकुरवाळ्या बायका, म्हातारे, आणि कुणाच्या तोंडातून चकार शब्द नाही. मी या खोऱ्यात जन्मले, पण अशी शांतता कधी ऐकली नव्हती. झाडावरून बर्फ घसरलेला ऐकू येत होता.

मग लांबून ती एकटी घंटा आली. किण, किण. वळणावर स्वेनुंग डावीकडं गेला, आणि ओडनी त्याच्या मागून अशी वळली, जशी रोज घराच्या दारातून वळते. माझा हात तोंडावर होता. देवा, किती सुंदर वळली ती!

आता फक्त शेवटचा चढ, माझ्या टेबलासमोरचाच. तो खडा आहे, पाय फाकवून चढावा लागतो, चाकोरी नाही, आणि एका अंगाला ओढ्याची घळ. अर्ध्यावर स्वेनुंगची स्की अडकली आणि तो पालथा पडला. घंटा त्याच्या अंगाखाली. उठला, हलवली, तर आवाज नाही. लोळा तुटला होता आतला.

ओडनी जागीच थांबली. "स्वेनुंग?"

तो तिच्यापुढं चार हातांवर उभा. हाक मारता येत नाही, हात लावायचा नाही. आम्हा सगळ्यांना दिसत होता, आणि सांगायचं कुणी नाही, वाटाड्याशिवाय दुसऱ्यानं वाट सांगितली तरी बाद. इडुननं निशाण अर्धं उचललं होतं. ओडनी मान कलती करून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मफलर काढ."

त्यानं मफलर उलट मुठीत घट्ट धरला.

"त्यात गुदमरतोय तुझा आवाज. काढ. लाज कुणाची वाटते? लोक बघतायत म्हणून? मी कुठं बघतेय!"

स्वेनुंगनं एकदा गावाकडं पाहिलं. मग मफलर ओढून बर्फात फेकला. त्याच्या गळ्यातून वाफ निघाली, पांढरी, सकाळच्या उन्हात सगळ्यांना दिसेल अशी, आणि शिट्टी. लांब, खरखरीत, धापेबरोबर आत-बाहेर होणारी. ज्या आवाजासाठी तो वर्षभर भिंतीकडं तोंड करून बसला होता, तो साऱ्या खोऱ्यानं ऐकला.

"हां," ओडनी म्हणाली. "चल आता."

तो चढू लागला. शिट्टी पुढं, ती मागं. त्याचा दम वाढला की शिट्टी वाढायची, आणि तिचा पाय आणखी ठाम पडायचा. ओलाफ डोळे पुसत होता, मीही रडत होते, पण आवाज न करता. त्यांनी रेघ ओलांडली तेव्हा त्यांच्या मागं कुणी उरलेलं नव्हतं. सगळ्यांत शेवटी आले दोघं.

तरीही कुणी हललं नाही.

"मेलात का सगळे?" ओडनी खेकसली. "वाजवा की आता!"

हातमोजे निघाले आणि घंटांनी डोंगर उचलला. ओलाफच्या घंटेचा तर कान तुटला. स्वेनुंग माझ्या टेबलाशी आला, उघड्या गळ्यानं, तोंड सगळ्यांकडं करून बसला. मी त्याला वाफल दिला, वर त्यांच्याच शेळ्यांचं तपकिरी चीज जाड कापून.

इडुन मफलर घेऊन आली. "गळा झाका आधी, थंडी आहे," ती म्हणाली. मग हळूच ओडनीला, "पुढच्या वर्षी तुम्ही दोघंच. फक्त ती घंटा तेवढी दुरुस्त करून घ्या हं."

"घंटा कशाला?" ओडनी केसांतलं पीठ झाडत म्हणाली. "श्वास घेणारच आहे की तो."