कुणाची हरकत असल्यास

आजही कुणी साक्षीदार म्हणून सही मागितली की मी काहीतरी कारण काढून टाळतो. त्यात माझी नोकरी कागदांचीच. मस्कतमध्ये, कुरुम भागातल्या एका हॉटेलात मी बारा वर्षं कर्मचाऱ्यांच्या रजेचे अर्ज तपासले. अर्ज नीट भरलेला असला की मला बरं वाटायचं. त्यामागच्या माणसाकडे बघायची सवय मला कधी लागलीच नाही.

२०१५च्या मे महिन्यात आमची आयरिश मॅनेजरबाई तातडीची रजा मागायला आली. कारण काय, तर मतदान. पुरुषाला पुरुषाशी आणि बाईला बाईशी लग्न करता यावं का, यावर तिच्या देशात सगळ्या लोकांचा कौल घेणार होते आणि तिच्या भावाचं लग्न त्यावर अडलं होतं. मी म्हटलं, बाई, आमच्या यादीत मयत आहे, आजारपण आहे, घरचं लग्न आहे, मतदान नाही. शेवटी मीच कारण म्हणून 'घरचं लग्न' लिहून दिलं आणि आपण केवढे हुशार, म्हणून दिवसभर मिरवलो.

ती जिंकून परत आली. त्या दिवशी मेसमध्ये माझा रूममेट मुद्दाम तिच्यासमोर जाऊन बसला. तो आमच्या वसईचाच, हॉटेलचा स्टोअरकीपर. नऊ वर्षं आम्ही एका खोलीत राहत होतो. एरवी जेवताना चकार शब्द न काढणारा हा माणूस तिला खोदून खोदून विचारत होता. ती सांगत होती, आमच्याकडे आधी तो गुन्हा होता, मग गुन्हा राहिला नाही, मग जोडी म्हणून नोंदणीची सोय झाली, आणि आता हे. आम्हीही तुमच्यासारखे कॅथलिकच, ती म्हणाली. माझी आई पर्समध्ये जपमाळ घेऊन मत द्यायला गेली.

खोलीवर परतताना त्याने विचारलं, "आपण कितव्या पायरीवर रे?"

"आपण म्हणजे कोण?"

"इंडिया. हायकोर्टाने गुन्हा नाही म्हणून एक पायरी चढवलं, सुप्रीम कोर्टाने परत खाली उतरवलं. म्हणजे जमिनीवरच." मग चालता चालता थांबून म्हणाला, "मला मुली नकोत रे. कधीच नको होत्या."

मी आधी मागेपुढे पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना, एवढीच मला काळजी. "असलं इथे बोलायचं नाही. खलास," मी म्हणालो. "लग्न कर, लागशील मार्गाला."

त्याने परत तो विषय काढला नाही. मी सुटलो, असंच मला वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

पुढच्या वर्षी त्याच्या आईने मुलगी पसंत केली. मी डोळे मिटल्यावर करणार का, असं ती रोज फोनवर विचारायची. आमच्यात लग्नाआधी चर्चमध्ये तीन वेळा पुकारा होतो: अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावं. परदेशात राहणाऱ्याला तिथल्या फादरांचाही कागद न्यावा लागतो आणि त्यासाठी त्याला जवळून ओळखणाऱ्याची साक्ष लागते. त्याने माझं नाव दिलं.

मस्कतला सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा चर्चचा रविवार शुक्रवारीच असायचा. चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादरांनी मला ऑफिसात बसवलं आणि समोरच्या कागदावरून एकेक प्रश्न विचारला.

"आधी लग्न झालंय?"

"नाही, फादर."

"कुणाच्या दबावाखाली करतोय?"

"नाही."

"या लग्नाला काही अडथळा तुम्हाला ठाऊक आहे?"

खिडकीतून तो दिसत होता. झाडाची सावली सोडून भर उन्हात उभा होता आणि ऑफिसच्या दाराकडे बघत होता.

"नाही, फादर," मी म्हणालो आणि सही केली.

बाहेर येताच त्याने विचारलं, "काय सांगितलंस?"

"सांगायचं असतं तेच."

"बरं," तो म्हणाला. टॅक्सीत तो डोळे मिटून बसला. उन्हाने दमला असेल, असं मला वाटलं. लग्नाला मी वसईला गेलो, पोटभर जेवलो, फोटोत नवरदेवाच्या शेजारी उभा राहिलो. तो मग मस्कतला परतलाच नाही.

२०१८च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं नातं हा गुन्हा नाही. लग्नाचं मात्र कुणी काही बोललं नव्हतं. चार दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला.

"भावजी, ह्यांनी मला सगळं सांगितलं. तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो, वहिनी."

ती म्हणाली, "दोन वर्षं मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मी माफी मागितली. दुसरं काय करणार होतो? तिने ऐकून घेतलं.

"ह्यांच्यावर मी आता रागवत नाही," ती म्हणाली. "आईंपुढे तोंड उघडायची ह्यांची हिंमत नव्हती. म्हणून तर साक्षीला तुमचं नाव दिलं. म्हणाले, त्याला एकट्याला ठाऊक होतं. वाटलं, तो तरी थांबवेल."