डॅडींची डावी सीट

काल डॅडी गेले.

रडून झालंय. आता त्यांच्या मस्टँग गाडीबद्दल बोलते. नुसता हारवाला फोटो टाकला असता तर डॅडींनी वरून शिव्या घातल्या असत्या.

वसईचा माणूस. दुबईत हॉटेलात अकाउंट्सची नोकरी, तिथल्याच करामा भागात भाड्याचा फ्लॅट, बायको, दोन पोरं. अशा माणसाने चार दारांची जपानी गाडी घ्यायची असते. आमच्या अख्ख्या बिल्डिंगने तीच घेतली होती.

डॅडींनी सेकंडहँड मस्टँग आणली.

लाल! दोन दारांची! व्ही-एट इंजिनाची!

मम्मी म्हणाली, "पोरांना काय डिकीत बसवणार?"

"मागे सीट आहे की गं!"

सीट कसली, मी आणि भाऊ गुडघे हनुवटीला लावून बसायचो. पण डॅडींनी स्टार्टर मारला की बाई गं! कानाआधी पोटात कळायचं.

हे प्रेम जुनं होतं. डॅडी शाळेत होते तेव्हा वसईच्या न्हाव्याकडे भिंतीवर एका मस्टँगचं चित्र होतं, पहिल्यावहिल्या मॉडेलचं. लांबलचक बॉनेट, आखूड शेपूट, पुढच्या जाळीवर उधळलेला घोडा. केस वाढो न वाढो, डॅडी तिथे हजर.

आमची गाडी नाइंटीजमधली. तरी येईल त्या पाहुण्याला खाली पार्किंगमध्ये नेऊन दाखवायचे, "मागचे दिवे बघा. तीन इकडे, तीन तिकडे. आजीला होते तसेच नातीला!"

पाहुणा बिचारा चहाची वाट बघायचा.

शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा झाली की, "यल्ला, चला, रास अल खैमा!" मोकळा रस्ता लागला की डॅडींचा पाय खाली आणि मम्मीचा हात क्रूस काढायला वर.

एकदा सिग्नलला शेजारच्या मोठ्या गाडीतल्या अरबाने काच खाली केली. "हबीबी, विकणार?"

डॅडी म्हणाले, "नो सेल! खलास!" आणि सिग्नल सुटताच असे सुटले की मम्मीच्या मांडीवरचा केक माझ्या तोंडावर.

मग दोन हजार सालानंतर नोकरी संपली. व्हिसा संपला. वसईला परत.

आणि मस्टँग?

तिचं स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. डॅडींनी ऑफिसं पालथी घातली, ओळखीपाळखी काढल्या. सगळीकडून एकच उत्तर, नेता येणार नाही.

एका लेबनीज मुलाने घेतली. चांगला होता पोरगा. म्हणाला, "अंकल, जपेन मी, इन्शाल्ला. चला, घरी सोडतो." आणि उजवीकडचं दार उघडून धरलं.

डॅडींनी त्या सीटकडे बघितलं.

"त्या बाजूला मी नाही बसणार."

भर उन्हात आम्ही चालत घरी आलो.

वसईत त्यांनी पुन्हा गाडी चालवलीच नाही. पण मी माझी छोटी गाडी घेतली आणि आमची मजा परत सुरू झाली! डॅडी सगळ्यांच्या आधी खाली. पुढे, डावीकडे. "ही माझी साइड." मम्मी कायम मागे.

काच खाली, कोपर बाहेर, पायाखाली काही नसताना पाय दाबलेला. हायवे लागला की ठरलेलं, "दाब ना पोरी! बैलगाडी आहे का?"

आज दफन झालं. चर्चमधून निघताना मी गाडीत बसले. डावी सीट रिकामी. माझ्याने किल्ली फिरववेना.

तेवढ्यात मम्मीने मागचं दार न उघडता पुढचं उघडलं. डॅडींच्या जागी बसली. काच खाली केली. कोपर बाहेर काढलं.

मी किल्ली फिरवली. हायवे लागला. मम्मी म्हणाली,

"दाब ना पोरी."

दाबला, डॅडी!

दोघी रडत होतो आणि दोघी हसत होतो.

या आता, डॅडी, निश्चिंत जा. तुमची सीट मम्मीने घेतलीय.