वरच्या खोलीतला पॉवर सप्लाय

टेक्सासमधल्या प्लेनोच्या आमच्या घरात वरची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते. तिथला माझा ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेला, कॉम्प्युटर दुपारी अचानक बंद पडायचा आणि हात न लावता पुन्हा सुरू व्हायचा.

एकदा स्वयंपाकघरात बायको दचकली. "वर कोण आहे रे? कॉम्प्युटरचा पंखा सुरू झालाय." मी तिच्या शेजारीच उभा होतो.

मित्राला फोन केला. "यार, तुझा पॉवर सप्लाय, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा तो पंखेवाला डबा, गार खोलीत तपासलेला असणार. उकाड्यात तो तेवढी ताकद देत नाही. पन्नास डिग्रीलाही पूर्ण वॉट देणारा घे."

तसा घेतला आणि बंद पडणं थांबलं. जुना काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दुपारी वर गेलो, तर वायर न जोडलेल्या त्या डब्याचा पंखा सावकाश फिरत होता. खोलीत वाऱ्याची झुळूकही नव्हती. मी हळूच दार ओढून घेतलं.