चिठ्ठी नसलेला डबा

कोणतंही बी अक्का आधी दाताखाली धरायची. कटकन वाजलं तर डब्यात, नाहीतर परत गच्चीवर उन्हात. माझी ही थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती निपाणीहून बंगळुरात राजाजीनगरला माझ्याकडे आली, तेव्हा सोबत कपडे थोडे आणि बियांची गाठोडी जास्त होती.

येलहंक्यापलीकडच्या शेतकरणी तिच्याकडून वाटीभर बी न्यायच्या आणि सुगीनंतर दोन वाट्या आणून द्यायच्या. कोणी पैसे पुढे केले की अक्का उखडायची. "बी विकायचं नसतंय, फिरवायचं असतंय."

बियांचे डबे स्वयंपाकघराच्या फळीवर, खायच्या कडधान्यांना खेटूनच. मी पडलो इंजिनिअर. चिठ्ठ्या लावूया म्हणून तिच्या मागे लागायचो. "चिठ्ठीला काय कळतंय? हाताला कळाय पाहिजे," म्हणून ती मला वाटेला लावायची.

शेवटी दवाखान्यातही तिला घोर होता तो गावाकडच्या लाल पावट्याचा. त्या साली ते बी शेतकरणींपैकी एकट्या मुनियम्माने नेलं होतं आणि पाऊस धड नव्हता. "तिचं पीक बुडालं तर आपल्या डब्यातलं तेवढंच रे. जप."

मी हो म्हणालो. चार दिवसांनी ती गेली.

दहाव्याला घरात पाहुणे होते. आमटीला काय घेऊ, असं कोणीतरी विचारलं आणि मीच फळीवरून डबा काढून दिला. पावट्याची आमटी छान झाल्याचं सगळे म्हणाले. मीही दोनदा घेतली. रिकामा डबा घासायला घेतला तेव्हा तळाशी कडुलिंबाचा वाळका पाला निघाला. तो अक्का फक्त बियांच्या डब्यात घालायची. मी पाला कचऱ्यात टाकला, डबा घासला, पालथा घातला. रडू आलं नाही. तेराव्यालाही आलं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि त्याची लाज तेवढी वाटत होती.

संक्रांतीच्या आधी मुनियम्मा आली. "अक्का इल्लवा?" अक्का नाही का, असं तिने दारातूनच विचारलं. मी सांगितलं. ती उंबऱ्याशीच बसली. मग तिने पिशवीतून लाल पावटा काढला. बरोबर दोन वाट्या. त्यातला एक दाणा माझ्यापुढे धरून कन्नडमध्ये म्हणाली, "चावून बघा. अक्का बघितल्याशिवाय घ्यायची नाही."

कटकन वाजलं.

"सरी, बरोबर आहे," मी म्हणालो.

ती गेल्यावर पालथा डबा सुलटा केला, बी ओतलं. चिठ्ठी लिहायला पेन घेतलं आणि खाली ठेवलं. मग डब्यात हात घातला आणि कितीतरी वेळ तसाच राहू दिला.