शेवंती जेवेना तेव्हा

मागच्या मंगळवारी सकाळी विक्रोळीच्या आमच्या घरात शेवंतीने वाटीतलं खाणं नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं... सोमवारी संध्याकाळीही तिने हेच केलं होतं.

शेवंती म्हणजे आमची बारा वर्षांची मांजर. दोन वर्षांपासून तिला किडनीचा त्रास आहे. तिचं खाणं वेगळं येतं, कमी प्रोटीनचं. वासावरूनच कळतं की त्यात काही दम नाही... पण त्याच्यावरच ती टिकून होती.

महिन्याभरापूर्वी बिल्डिंगच्या पंपरूममध्ये मांजरीची दोन पिल्लं सापडली. त्यांची आई तीन दिवस फिरकली नव्हती. मी सरळ उचलून वर घेऊन आले. पप्पा म्हणाले, "दोन दिवस हं, फक्त." मी हो म्हटलं. खोटं बोलतेय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मला भीती होती शेवंती त्यांना फाडून खाईल याची. झालं भलतंच. चौथ्या दिवशी ती त्यांना चाटायला लागली आणि आठव्या दिवशी त्यांच्या ताटलीत जेवायला.

मला ते इतकं गोड वाटलं की मी व्हिडिओ काढून इथे टाकला... तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्यावर हार्ट टाकलंय. मला आता तो बघवत नाही.

कारण मग ब्लड रिपोर्ट आला. मी स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांचे क्रिएटिनिनचे, म्हणजे किडनी कशी चाललीय त्याचे आकडे बघते. शेवंतीचा आकडा किती वाईट आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टर मॅडमनी एकच विचारलं, "ही सध्या काय खातेय?"

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, उलट हळू आवाजात बोलल्या, त्याने जास्त भीती वाटली. पिल्लांचं खाणं वाढीचं, भरपूर प्रोटीनचं, ते हिच्या किडनीला झेपत नाही. आणि हिचं खाणं पिल्लांना पुरत नाही, ती वाढणार कशी? "वेगवेगळ्या खोलीत, दार लावून जेवायला घाल. आजपासून."

तो सोमवार. पिल्लं किचनमध्ये, शेवंती बेडरूममध्ये, मध्ये बंद दार. पिल्लांनी दोन मिनिटांत ताटली साफ केली. शेवंती दाराशी जाऊन बसली, ती बसलीच.

मंगळवारी सकाळी मी तिचं खाणं कोमट करून बघितलं. बोटावर घेऊन तोंडाला लावलं. तिने मान वळवून ते फरशीला पुसलं... डॉक्टर मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "मांजर उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन ये, ॲडमिट करावं लागेल."

लॅबमध्ये त्या दिवशी आम्ही दोघीच होतो, सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. पप्पा रिटायर्ड, घरीच असतात. त्यांच्यावर सोडून निघाले आणि दर तासाला फोन करत राहिले.

"खाल्लं?"
"नाही."
"पाणी?"
"थोडं प्यायली. तू काम कर गं."

दुपारी दोन वाजता त्यांनी फोन उचलला नाही. अडीचला पण नाही. माझ्या हातात कुणाचं तरी सॅम्पल होतं आणि डोक्यात नको नको ते... शेवटी बरोबरच्या मैत्रिणीने माझ्या हातातून ट्यूब काढून घेतली आणि म्हणाली, "जा तू. मी बघते."

रिक्षात बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं, दार उघडायचं, शेवंतीला पिंजऱ्यात घालायचं, तशीच निघायचं. लॅचची चावी लावून दार ढकललं.

आत शांतता होती. पप्पा हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून बसलेले, बाल्कनीच्या सरकत्या जाळीच्या दाराशी. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

जाळीच्या पलीकडे बाल्कनीत पिल्लं मचमच करत जेवत होती. अलीकडे, नाक जाळीपासून वीतभर अंतरावर, शेवंती. डोकं तिच्या स्वतःच्या वाटीत.

मी तिथेच चपलांसकट खाली बसले. रडू आलं, पण आवाज करायचा नव्हता...

तिचं होईपर्यंत पप्पा हलले नाहीत. मग म्हणाले, "फोन आतमध्ये होता. उठलो असतो तर ती पण उठली असती."

"पण तुम्हाला कसं सुचलं?"

"ती दाराला कान लावून बसत होती. पिल्लांच्या खाण्याचा आवाज ऐकत. म्हटलं, हिला ते खाणं नकोय, हिला ती दोघं पाहिजेत." मग शेवंतीची वाटी उचलत म्हणाले, "तुझी आई गेली ना, तेव्हा तू दुपारचं ताट झाकून जायचीस माझ्यासाठी. मी ते कितीदा खाली वॉचमनला दिलंय. एकट्याला घास उतरायचा नाही."

तीन वर्षं झाली आई जाऊन. मला वाटत होतं वयामुळे पप्पांची भूक कमी झालीय. मी त्यांना टॉनिक आणून दिलं होतं...

आता रोज दोन्ही वेळा जाळीच्या दाराशी पंगत बसते. शेवंती तिचं बेचव खाणं खाते, रोज पूर्ण नाही, पण खाते. पुढच्या आठवड्यात परत ब्लड टेस्ट आहे आणि माझी धाकधूक काही जात नाही. सकाळी उठले की आधी तिची वाटी बघते.

पप्पा, तुम्ही हे वाचणार आहात हे माहितीये. थँक यू. लॅबमध्ये बोलून मी सकाळची शिफ्ट मागून घेतलीय. उद्यापासून दुपारी मी घरी असेन, माझं पण ताट वाढा.