मावशींचा व्हिसा आणि आमचं घर

एका शनिवारी सकाळी लोणावळ्यात जुन्या हायवेच्या कडेला, येणाऱ्या गाड्यांना भाड्याच्या बंगल्यांच्या किल्ल्या दाखवत उभ्या असलेल्या एका भाऊंसमोर मी स्कूटर थांबवली. "किती जण? स्विमिंग पूल पायजे का?" त्यांनी सवयीनं विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, भाड्यानं घर पाहिजे... कायम राहायला." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी हिल स्टेशनवर येऊन समुद्राचा पत्ता विचारतेय!

झालं असं होतं की आमच्या घरमालकांना अचानक वीकेंडच्या पाहुण्यांचा शोध लागला. आम्ही महिनाभर राहून जे भाडं देतो, ते पाहुणे दोन रात्रींत देऊन जातात म्हणे. त्यामुळे महिनाअखेर घर सोडा, असा प्रेमळ निरोप आला.

माझं गाव भाजे, लोणावळ्याजवळच. गावातून येऊन-जाऊन करा असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले... पण माझी हॉटेलातली रिसेप्शनची शिफ्ट, माझ्या नवऱ्याची, संदीपची तळेगावची कंपनी, लेकीची शाळा. शिवाय गावच्या दोन खोल्यांत दोन भाऊ आधीच दाटीवाटीनं राहतात.

मग सुरू झालं घर शोधणं. परवडणारी सगळी घरं एकतर पाहुण्यांसाठी राखीव... नाहीतर आडनाव ऐकल्यावर "घरच्यांना विचारून कळवतो" म्हणणारी. हे 'कळवतो' मला लहानपणापासून माहीत आहे. राग येतोच, अजूनही येतो.

किल्लीवाले भाऊ मात्र जरा विचार करून म्हणाले, "एक मावशी हायेत. त्यांना लेकीकडं ऑस्ट्रेलियाला जायचंय, घर बंद ठेवायचं न्हाई. पाहुन्यांना तर देनारच न्हाईत... बघा इचारून."

मावशी मूळच्या इथल्याच आंदर मावळातल्या. रेल्वेत असलेले यजमान वारल्यापासून दोन खोल्या आणि हॉलच्या त्या फ्लॅटमध्ये एकट्याच. आडनाव सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी विचारलं, "गाव कुटलं?" मी सांगितलं. "भाज्याची व्हय? मग आपल्यातलीच की... च्या घेतीस?"

भाडं आम्हाला झेपणारं होतं. पण एक मोठी अडचण होती. मावशींना लेकीच्या बाळंतपणासाठी टुरिस्ट व्हिसा हवा होता आणि व्हिसाच्या एजंटानं बजावून ठेवलं होतं... व्हिसा येईपर्यंत भाड्याचा करार करायचा नाही. घर भाड्यानं दिलंय हे कळलं, तर बाई परत येणार नाही असंच व्हिसावाल्यांना वाटेल!

म्हणजे व्हिसा आला तर आम्हाला घर. नाही आला तर मावशी इथेच आणि आम्ही पुन्हा हायवेवर.

आमच्यात देव पाण्यात ठेवायची पद्धत नाही... नाहीतर मी एखादा ठेवलाच असता. आजवर मुंबईच्या पुढे न गेलेली मी, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी झुरत होते!

महिना संपला, व्हिसाचा पत्ता नाही. मी मावशींना तसं सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "सामान काय रस्त्यावर ठेवनार का? आना हितं. मी आतल्या खोलीत ऱ्हाते." आणि आम्ही कुठल्याही कागदाशिवाय त्यांच्या हॉलमध्ये खोकी लावून राहायला लागलो.

मावशी तांदूळ निवडता निवडता एजंटानं शिकवलेली उत्तरं पाठ करायच्या. शेती आहे, घर आहे, भाऊ आहे. भाडेकरूंचं नावसुद्धा काढायचं नाही.

परवा माझी सुट्टी होती आणि दुपारीच फोन आला. व्हिसा ऑफिसची बाई चक्क मराठीत बोलत होती. मावशींनी फोन स्पीकरवर टाकला आणि मला हात धरून शेजारी बसवलं.

शेती झाली, भाऊ झाला. मग तिनं विचारलं, "घरात आत्ता कोण कोण राहतं?"

"भाडेकरू हायेत की! नवरा-बायको आन् एक पोरगी."

झालं... संपलं सगळं! मी डोळ्यांनी खुणावत होते, पण मावशींचं लक्ष कुठे?

"मग मावशी, तुम्ही परत कशाला याल?"

"कशाला म्हंजे? माझं घर हाय, शेत हाय. आन् ह्या लोकांना म्या शब्द दिलाय. अजून करार बी न्हाई केला... मी न्हाई आले तर तो कोन करनार, त्यांनी कुटं जायचं?"

पलीकडून "ठीक आहे" म्हणून फोन बंद. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लय इचारत व्हती गं. खोटं बोलायला मला सुचलंच न्हाई." मी उठून चहा टाकला आणि ओट्यापाशी उभी राहून गुपचूप रडून घेतलं.

आज सकाळी व्हिसा आला! तीन महिन्यांचा.

एजंट म्हणतो त्याच्या फाइलमुळे मिळाला. असेलही बापडं... मला तर अजून विश्वास बसत नाहीये. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला असेल!

संध्याकाळी कराराचं बोलणं निघालं. मावशींनी अकरा महिन्यांचा करायला सांगितला. "पण तुम्ही तर तीन महिन्यांत येणार..." मी म्हटलं. "मग? आल्यावर आतल्या खोलीत ऱ्हाईन. एकटीला एवढं घर काय चावायचंय?"

मावशी अजून गेल्याही नाहीत... आणि माझी लेक कॅलेंडरसमोर उभी राहून विचारतेय, आजी परत कधी येणार?