तुम्हाले सांगतं कोण?

लेखकाला लोक कौतुकाने ओळखतात, असं पुण्याकडचे लेखक सांगतात. तिकडे असेल तसं. आमच्या बुऱ्हाणपुरात ओळखतात ते संशयाने. असे प्रसंग इतके साठलेत की हल्ली कोणी नमस्कार केला तरी मी आधी दोन पावलं मागे सरकतो.

मी शाळेत मराठी शिकवतो. छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, त्याच सुमारास नागपूरच्या एका मासिकात माझ्या गोष्टी येऊ लागल्या. एकदा संपादकांनी हौसेने माझा फोटो छापला आणि तिथून घात झाला.

*

बुधवारा पेठेतल्या एका दुकानात सदऱ्याचं कापड घ्यायला गेलो होतो. माझ्या एका गोष्टीत कापड ताणून मोजणारा दुकानदार होता. मला पाहताच शेठजींनी नोकराच्या हातून गज काढून घेतला, स्वतः मोजलं आणि वर चार बोटं कापड जास्त सोडलं.

"पाहून घ्या मास्तर. लिहायचं तर हे बी लिहा."

मी म्हटलं, "शेठ, तो दुकानदार काल्पनिक होता."

"काल्पनिक होता, तर गोष्टीत त्याच्या बंद घड्याळावर टॉवेल कसा होता?"

मी वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळावर टॉवेल होता. त्या दुकानात मी पहिल्यांदाच पाय ठेवला होता.

"खरं सांगा मास्तर, तुम्हाले सांगतं कोण?"

मी पिशवी उचलली आणि निघालो. ती चार बोटं इमानदारी होती की लाच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

नेपानगरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत शेजारी एक केळीवाले शेतकरी येऊन बसले. बराच वेळ माझं तोंड न्याहाळलं.

"फोटोवाले तुम्हीच ना? आमच्या शेजाऱ्याले गोष्टीत घेतलं, मले काहून नाही घेतलं?"

"मी कोणाचंच नाव घातलेलं नाही हो."

"नाव नसलं म्हणून काय झालं? त्याची खोकायची तऱ्हा आहे ना त्यात. गावभर सांगून राहिला तो. त्यानंच येऊन सांगितलं असंल तुम्हाले. माझा खोकला काय कमी आहे?"

आणि नेपानगर येईपर्यंत ते मला खोकून दाखवत राहिले.

*

नव्या राज्याच्या शिक्षणखात्याचे नवे साहेब आले. त्यांनी मला बोलावून घेतलं. मेजावर मासिक उघडं होतं.

"आप मराठी में लिखते हैं, नागपुर भेजते हैं। इसका मतलब क्या है?"

"मतलब कुछ नहीं साहब, कहानी है। एक औरत पड़ोसन का अचार चुराती है।"

साहेबांनी कारकुनाकडून अख्खी गोष्ट हिंदीत करवून ऐकली. मग डोळे मिटून विचार केला.

"ये जो पड़ोसन है," ते म्हणाले, "ये किस राज्य की है?"

*

इकडे गाव मला बातम्या पुरवणाऱ्याच्या शोधात होतं. आधी न्हाव्यावर संशय गेला, मग दूधवाल्यावर. तो बिचारा आमच्या दारात बोलेनासाच झाला. माप ओतायचा आणि मुकाट्याने निघून जायचा.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण धाकट्या बहिणीचं, कुसुमचं लग्न व्हायचं होतं. वडील नाहीत, जबाबदारी माझी. खंडव्याचं एक स्थळ जवळजवळ जमलं होतं. त्यांचा निरोप आला, "मुलगी पसंत आहे, भाऊ नको." घरातलं बाहेर जाईल ही भीती. मला फार वाईट वाटलं आणि लिहिण्याचा पहिल्यांदाच राग आला. पुढचंही स्थळ असंच गेलं तर लिहिणं कायमचं बंद, असं ठरवूनच मी आमच्या स्टेशनाकडच्या लालबागेतल्या मंडळींना बोलावलं.

मुलगा, त्याचे आईवडील असे तिघं आले. वडिलांनी मला ओळखलंच. माझ्या खिशातलं पेन पाहून ते लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी पेन काढून फळीवर ठेवलं, तर ते फळीकडे बघत राहिले. कोणी काही विचारेना. खूप वेळाने ते म्हणाले, "हवा चांगली आहे." मुलगा हो म्हणाला. विचारलेलं छापून येईल म्हणून मुलीचं नावसुद्धा न विचारणारी ही पहिलीच मंडळी.

कुसुम मावा जिलेबी घेऊन आली. बशा देऊन झाल्या. शेवटी मुलाच्या आईला राहवेना.

"काय गं पोरी, तू बी लिहिते का?"

"नाही," कुसुम म्हणाली.

वडिलांनी सुटकेचा श्वास टाकून जिलेबी उचलली.

"मी फक्त दादाला सांगते," कुसुम सरळ म्हणाली. "लिहितो दादा."

जिलेबी बशीत परत गेली. मुलगा आईकडे बघू लागला. आता संपलं, असं मी मनाशी म्हटलं. हिला खोटं बोलता येत नाही याचा अभिमान वाटावा की कपाळावर हात मारून घ्यावा, मला कळेना.

मुलाची आई कुसुमकडे टक लावून बघत होती. मग तिने सतरंजीवर आपल्या शेजारी हात थापटला.

"बस इथं."

कुसुम बसली. आईने एकदा नवऱ्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माझी मोठी जाऊ आहे बुधवाऱ्यात. तिचं सांगते मी तुले. दादाले सांगशील?"